कातडी महिन्याला नवी होते, मग चट्टा त्याच जागी कसा येतो?

मला सोरायसिस आहे. बरीच वर्षं आहे. दोन्ही कोपरांवर, थोडा कानामागे, आणि डाव्या गुडघ्याच्या खाली एक चट्टा जो औषधाने पूर्ण जातो, इतका की तिथे काही होतं हे सांगूनही कुणाला पटत नाही, आणि मग काही महिन्यांनी परत उगवतो. दुसरीकडे नाही हां, तिथेच. जवळपास त्याच आकाराचा. आता त्वचेबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की वरची कातडी साधारण महिन्याभरात पूर्ण बदलते. बरं, बदलते ना? मग गुडघ्याखालच्या त्या आजारी पेशी तर कधीच झडून गेल्या, त्यांच्या जागी आलेल्या पण झडल्या, त्यांच्या पुढच्याही गेल्या. मग इथे चट्टा होता हे लक्षात कोणी ठेवलं?

हा प्रश्न डोक्यात शिरला आणि निघेना, म्हणून वाचत गेले. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यातही वाचून प्रश्न विचारणारी पेशंट, म्हणजे ओपीडीत सगळ्यात नकोशी जमात.

आधी ती "महिन्याला नवी" भानगड नीट बघू, कारण ती समजली नाही तर पुढचं काहीच समजत नाही. सगळ्यात वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, बहुतेक अंगावर जेमतेम कागदाच्या जाडीचा, आणि त्यातल्या दहापैकी नऊ पेशी एकाच प्रकारच्या, केरॅटिनोसाइट. या थराच्या अगदी तळाशी मूळ पेशी असतात ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो, त्या विभागतात, एक मुलगी पेशी तळ सोडून वर सरकायला लागते आणि तिथून तिचा प्रवास एकाच दिशेचा. वर जाता जाता ती केरॅटिन नावाचं चिवट प्रथिन भरून घेते, शेजारच्या पेशींना घट्ट धरून ठेवते, आणि मग जवळपास दोन आठवड्यांनी असा एक थर येतो जिथे ती आपलं केंद्रक, म्हणजे न्यूक्लियस, मोडून टाकते, आतली बाकीची यंत्रणा पण मोडते, स्वतःतली चरबी बाहेर शेजाऱ्यांमधल्या फटीत ओतते आणि चपटी होऊन मरते. हे मरण अपघाती नाही बरं का, हेच तिचं काम. मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड यांचं मिश्रण, एवढ्याच भांडवलावर आपण पाण्यात बसलो तर विरघळत नाही आणि उन्हात बसलो तर वाळून जात नाही. अजून साधारण दोन आठवडे त्या मेलेल्या पेशी वर टिकतात, मग काही एन्झाइम त्यांच्यामधले टाके कापतात आणि त्या एकेकट्या गळून पडतात. एकेकट्या पडतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

यात एक फिलाग्रिन नावाचं प्रथिन आहे त्याबद्दल थोडं थांबून सांगते कारण इसब म्हणजे एक्झिमा असलेल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं. पेशी मरायच्या वेळी हे प्रथिन आतलं केरॅटिन आवळून पेशीला चपटं करतं, आणि नंतर स्वतःच तुटून बारीक पदार्थ बनवतं जे पाणी धरून ठेवतात आणि त्वचेचा वरचा थर थोडा आम्लधर्मी ठेवतात. पीएच साधारण ५ च्या आसपास. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अर्विन मॅकलीन यांच्या गटाने दाखवलं की या फिलाग्रिनच्या जीनमध्ये बिघाड असेल तर एक्झिमा व्हायची शक्यता बरीच वाढते. तोपर्यंत एक्झिमा म्हणजे आतली ॲलर्जी, ती बाहेर फुटते, असाच बराचसा समज होता. इथे उलटं निघालं, निदान काही लोकांत तरी आधी भिंत कच्ची असते, त्या फटीतून नको त्या गोष्टी आत शिरतात आणि मग आतली प्रतिकारशक्ती खवळते. म्हणून एक्झिमाला मॉइश्चरायझर हे काही वरवरचं लाड-कौतुक नाही, ते औषधच आहे. आणि साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो हे एकदा कळलं की दिवसातून तीनदा फेस काढून घासणाऱ्या लोकांकडे बघवत नाही.

तर सोरायसिस. माझ्याकडे नेमकं काय बिघडतं, तर वेग. जो प्रवास चार आठवड्यांत व्हायला हवा तो आठवड्याच्या आत उरकला जातो. एवढ्या घाईत पेशीला धड मरायला पण वेळ मिळत नाही, वर पोचते तेव्हा कित्येकींचं केंद्रक अजून आतच असतं, टाके कापले गेलेले नसतात, म्हणून त्या एकेकट्या न पडता थरच्या थर चिकटून राहतात आणि चांदीसारखा पापुद्रा दिसतो. खाली रक्तवाहिन्या वाढून अगदी वरपर्यंत आलेल्या असतात, म्हणून पापुद्रा ओढून काढला की बारीक ठिपक्यांत रक्त येतं. तो कोंडा नाही, मळ नाही, कोरडेपणा पण नाही, आणि कुणाला लागत तर अजिबात नाही. घासून काढायचा सल्ला मला इतक्या लोकांनी दिलाय! त्वचेला इजा झाली की सोरायसिसवाल्याला तिथे नवा चट्टा येऊ शकतो, हे हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय, आजही त्याच्याच नावाने ओळखतात त्याला.

पण पेशींना घाई करायला सांगतं कोण? बराच काळ डॉक्टरांना वाटत होतं की केरॅटिनोसाइटच बिघडल्यात, त्यांची वाढ आवरा. मग १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे औषध, जे अवयव बसवल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायला देतात, ते सांध्यांच्या दुखण्यासाठी काही पेशंटना देऊन बघितलं, त्यातल्या काहींना सोरायसिस पण होता, आणि त्यांचे चट्टे साफ झाले. टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, गप्प करणाऱ्या औषधाने जर कातडी सुधारत असेल तर भांडण कातडीचं एकटीचं नाही हे उघड झालं. पुढे बारकावे कळत गेले, इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ या, पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या रसायनांची नावं आली, आणि आज जी महागडी इंजेक्शनं सोरायसिसला देतात ती बरीचशी याच दोघांना अडवतात.

मात्र केरॅटिनोसाइट या सगळ्यात बिचाऱ्या वगैरे नाहीत. त्यांना इंटरल्युकिन-१७ चा निरोप मिळाला की त्या नुसत्या भराभर वाढत नाहीत, स्वतः अशी रसायनं सोडतात की अजून टी पेशी, अजून पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, मग त्या अजून इंटरल्युकिन सोडतात, की चक्र सुरू. शिवाय जंतू मारणारी प्रथिनं पण त्या भरपूर बनवतात. याची एक गोष्ट मला फार आवडते. सोरायसिसच्या चट्ट्यात भेगा असतात, रक्त येतं, तरी तिथे जंतुसंसर्ग त्या मानाने कमी होतो, एक्झिमात मात्र सारखा होतो. असं का म्हणून जर्मनीतल्या कीलच्या संशोधकांनी पेशंटचे गळलेले पापुद्रे गोळा केले आणि १९९७ मध्ये त्यांतून बीटा-डिफेन्सिन-२ नावाचं, माणसाच्या त्वचेनेच बनवलेलं जंतुनाशक प्रथिन वेगळं काढलं. आम्ही जे झटकून टाकतो आणि ज्याची लाज वाटून काळे कपडे घालत नाही, त्यातून कुणीतरी नवीन शोध काढला, म्हणजे बघा.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. जागा कोण लक्षात ठेवतं?

पहिलं उत्तर, टी पेशी. आपण समजतो की या पेशी रक्तात फिरतात आणि गरज पडली की त्वचेत येतात. २००६ मध्ये रेचल क्लार्क, थॉमस कपर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या त्वचेतल्या टी पेशींचा हिशेब केला तर तो निघाला जवळपास २० अब्ज, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून असतात त्याच्या दुप्पट. आणि त्यातल्या पुष्कळशा तिथे मुक्कामालाच असतात. एखादं इन्फेक्शन किंवा जळजळ होऊन गेली की काही टी पेशी परत रक्तात न जाता त्या जागेवरच ठाण मांडतात, वर्षानुवर्षं. यांना रेसिडंट मेमरी टी पेशी म्हणतात. केरॅटिनोसाइट खालून वर वाहत जातात, पण या त्यांच्याबरोबर वाहून जात नाहीत, एपिडर्मिसच्या खालच्या भागात धरून बसतात. म्हणजे भिंतीच्या विटा महिन्याला बदलतात पण पहारेकरी तेच!

त्याहून आधीचा, २००४ चा एक प्रयोग वाचला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसले. सोरायसिस असलेल्या माणसांची चट्टा नसलेली, दिसायला एकदम चांगली त्वचा घेतली आणि ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नाहीच अशा उंदरांवर बसवली. काही आठवड्यांत त्या कलमावर आपोआप सोरायसिस उमटला. उंदराकडून काही आलेलं नव्हतं, माणसाच्या रक्तातूनही काही येऊ शकत नव्हतं, म्हणजे जे काही लागतं ते त्या चांगल्या दिसणाऱ्या तुकड्यात आधीच बसलेलं होतं. त्यातल्या टी पेशींना अडवलं तर चट्टा आलाच नाही. म्हणजे माझा गुडघा "साफ" असतो तेव्हा तो साफ दिसतो एवढंच.

दुसरं उत्तर मला जास्त चक्रावून गेलं. आठवण ठेवणं हे प्रतिकारशक्तीच्या पेशींचं काम, असंच आपण शिकलो ना? २०१७ मध्ये श्रुती नाईक आणि इलेन फुक्स यांच्या गटाने उंदरांच्या त्वचेत मुद्दाम सोरायसिससारखी जळजळ उठवली, ती पूर्ण बरी होऊ दिली, आणि मग बऱ्याच काळाने तिथेच जखम केली. ती जागा साध्या त्वचेपेक्षा कितीतरी लवकर भरून आली. जळजळ होऊन सहा महिने झाले तरी हा फरक होता. आणि ही आठवण टी पेशींची नव्हती, ती होती तळाच्या स्टेम सेलची. त्यांच्या डीएनएचे काही भाग जळजळीच्या वेळी उघडे झाले होते आणि नंतर पूर्ण बंद झालेच नव्हते, त्यामुळे पुन्हा संकट आलं की ते जीन लगेच कामाला लागत होते. जखम भरायला हे छानच आहे, पण सोरायसिसवाल्याच्या त्वचेत अशी कायम तयारीत असलेली मूळ पेशी म्हणजे काय होणार हे कळायला शास्त्रज्ञ व्हायला नको. वरच्या पेशी झडतात हे खरं, पण ज्या त्यांना जन्म देतात त्या तिथेच आहेत की.

(टॅटूचं पण असंच कोडं आहे, कातडी बदलते तर शाई का जात नाही. शाई खालच्या थरात, डर्मिसमध्ये असते हे उत्तर अर्धंच आहे कारण तिथे शाई गिळून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी पण मरतातच. फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की एक पेशी मेली की तिची सांडलेली शाई शेजारची नवीन पेशी लगेच गिळून घेते. पेशी बदलतात, चित्र तेच राहतं.)

कोड किंवा पांढरे डाग, म्हणजे व्हिटिलिगो, त्यातही हीच तऱ्हा आहे फक्त शिकार वेगळी. तिथे टी पेशी मेलॅनोसाइटना मारतात. मेलॅनोसाइट या एपिडर्मिसच्या तळाशी बसलेल्या रंग बनवणाऱ्या पेशी, एकेक मेलॅनोसाइट आपल्या फांद्यांनी तीस-चाळीस केरॅटिनोसाइटना रंगाचे कण पुरवते, आणि त्या केरॅटिनोसाइट ते कण आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात की उन्हाने डीएनए खराब होऊ नये. गोऱ्या आणि काळ्या माणसात मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो कणांच्या आकारात, प्रकारात आणि ते किती टिकतात यात. एवढ्याशा फरकावर माणसांनी केवढं राजकारण केलं ते सोडा. तर कोडावर उपचार केला की रंग परत येतो तो पसरट नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी येतो, केसांच्या मुळाभोवती. कारण मेलॅनोसाइटच्या राखीव मूळ पेशी केसांच्या मुळाशी लपून वाचलेल्या असतात आणि तिथून वर चढतात. म्हणून ज्या डागातले केसच पांढरे झालेत किंवा जिथे केस नसतात, बोटांची टोकं वगैरे, तिथे रंग परत आणणं अवघड जातं. २०२२ मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब हे मलम कोडासाठी मंजूर झालं, ते टी पेशी आणि केरॅटिनोसाइट यांच्यातला निरोप तोडतं. बऱ्याच जणांना फायदा होतो, पण उपचार बंद केले की पुष्कळदा डाग परत येतात, आणि येतात तेही जुन्याच जागी. ओळखीचं वाटतंय ना?

उन्हाचं तर विचारूच नका. उन्हाने त्वचा भाजली, सालटं निघाली, खाली नवीन गुलाबी कातडी आली की आपण म्हणतो बरं झालं. सालटं निघतात ती खरं तर डीएनए फार खराब झालेल्या पेशींनी स्वतःला संपवल्याची खूण असते, तो बचावच आहे. पण तळाच्या मूळ पेशींत जे बदल दुरुस्त न होता राहिले ते कुठेच जात नाहीत. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या इनिगो मार्टिनकोरेना यांच्या गटाने २०१५ मध्ये चार माणसांच्या पापणीची जास्तीची काढलेली त्वचा, दिसायला एकदम नॉर्मल, बारीक तुकडे करून तपासली. साधारण पाव भाग पेशींत कॅन्सरकडे नेऊ शकणारा निदान एक तरी बदल होता! त्यांना कॅन्सर नव्हता, कारण एका बदलाने तो होत नाही, पण उन्हाची नोंद तिथे होती. ही दुरुस्ती किती महत्त्वाची आहे हे झिरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आजारात दिसतं, त्यातल्या मुलांना उन्हाने झालेला डीएनएचा बिघाड दुरुस्तच करता येत नाही हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं, आणि त्यांना लहानपणीच त्वचेचे कॅन्सर होतात. आणि सावळ्या रंगाच्या लोकांना स्किन कॅन्सर होत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, कमी होतो, पण मेलॅनोमाचा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखाखाली येतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही आणि तिथे कुणी बघत नाही म्हणून तो उशिरा सापडतो. नखाखाली नवीन काळी रेघ आली, ती रुंद होत चालली, तर दाखवून घ्या बाबांनो.

एवढं सगळं वाईट-वाईट सांगितलं, पण मूळ पेशीच सगळं धरून ठेवतात याचा फायदा पण केवढा मोठा घेतलाय माणसांनी. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या केरॅटिनोसाइट बशीत वाढवून दाखवल्या, आणि १९८० च्या दशकात नव्वद टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच उरल्यासुरल्या त्वचेपासून प्रयोगशाळेत वाढवलेले थर बसवून वाचवलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जर्मनीतला सात वर्षांचा मुलगा, त्याला एपिडर्मोलायसिस बुलोसा होता, म्हणजे एपिडर्मिस आणि डर्मिस यांना जोडणारा चिकटपणाच जन्मतः सदोष, नुसत्या स्पर्शाने फोड. अंगावरची बहुतेक कातडी गेली होती. इटलीतल्या मोडेनाच्या मिकेले डी लुका यांच्या गटाने त्याच्या त्वचेचा छोटा तुकडा घेतला, त्यातल्या पेशींत बरोबर जीन घातलं, मोठे थर वाढवले आणि २०१५ मध्ये बोखुमच्या डॉक्टरांनी त्याच्या अंगाची जवळपास ८० टक्के एपिडर्मिस नवी बसवली. तो शाळेत जायला लागला. आणि त्याच्या पेशींच्या जीनमधल्या खुणा तपासून कळलं की लावलेल्या लाखो पेशींपैकी टिकल्या त्या थोड्याच, खऱ्या दीर्घायुषी मूळ पेशी, आणि सगळी कातडी त्यांच्याच वंशाची. बाकीच्या काही महिन्यांत झडल्या. म्हणजे आपण ज्याला "माझी त्वचा" म्हणतो ती खरं तर तळाला बसलेल्या मोजक्या पेशींची असते.

माझ्यापुरतं सांगायचं तर हे वाचल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक, चट्टा दिसेनासा झाला की मलम कपाटात टाकायचं हे बंद झालं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून दोनदा त्याच जागांवर लावत राहते, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर, घरचे म्हणतात तिथे तर काही नाही, मी म्हणते आहे. मात्र हे मनाने करू नका, कारण जोरदार स्टिरॉइड मलम सतत लावलं तर डर्मिसमधल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन कमी बनवतात आणि कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात. आणि खाजणारा गोल चट्टा बुरशीचा असेल तर स्टिरॉइडने तो दबतो, पसरतो आणि ओळखू येईनासा होतो, त्याचं वेगळंच रामायण. दुसरी गोष्ट म्हणजे सांधे. सोरायसिस फक्त कातडीचा आजार नाही, आमच्यापैकी बऱ्याच जणांना सांधेदुखी होते, सकाळी बोटं आखडली तर ते वयावर ढकलू नका.

राहता राहिला तो मुक्कामी टी पेशींचा प्रश्न, त्यांना हुसकावता येईल का? त्यांना तिथे टिकून राहायला इंटरल्युकिन-१५ लागतं, आणि २०१८ मध्ये उंदरांच्या कोडात त्याचा निरोप अडवणारी अँटिबॉडी थोड्या काळापुरती दिली तर त्या पेशी कमी झाल्या आणि औषध थांबवल्यावरही रंग टिकला. वाचून मी खूश झाले, मग पुढचा विचार आला की याच मुक्कामी पेशी नागिणीचा किंवा हर्पिसचा विषाणू परत डोकं वर काढतो तेव्हा तिथल्या तिथे त्याला दाबतात. चुकीचं लक्षात ठेवणाऱ्या तेवढ्या निवडून काढायच्या आणि कामाच्या ठेवायच्या, हे सगळं अडतंय ते इथे. तोपर्यंत गुडघ्याखाली मलम चालू.